जुनी आरामखुर्ची आणि तिची किंमत

आरामखुर्ची ही वस्तू मराठी घराला नवी नाही. वाड्याच्या ओसरीवर वेताने विणलेली, पाय टाकण्यासाठी लांब हात असलेली सागवानी खुर्ची आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असेल. अशा जुन्या खुर्च्यांचा आज शहरांतून मोठा बाजार भरतो आणि एखाद्या नामांकित रचनाकाराचे नाव खुर्चीला चिकटले की तिचा भाव एकदम चढतो. औंढा नागनाथसारख्या गावी या विषयाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. जुना माल पुष्कळदा आपल्यासारख्या गावांतील वाड्यांतूनच उठतो. विकणारे आपण असतो आणि भाव ठरवणारा दुसराच असतो. तेव्हा खुर्ची विकत घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही तिच्या किंमतीत काय काय भरलेले असते, हे समजून घेतले पाहिजे.

आमच्या मते या किंमतीचे तीन भाग पडतात. पहिला लाकडाचा व कारागिरीचा, दुसरा बसण्याच्या सोयीचा आणि तिसरा नावाचा. पहिले दोन भाग हाताने, डोळ्यांनी व पाठीने तपासता येतात. तिसरा भाग मात्र केवळ पुराव्यावर उभा असतो, आणि फसवणूक होते ती बहुधा तेथेच.

याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. चंडीगढ शहर उभारले जात असताना ल कार्बुझिए यांचे चुलतबंधू पिएर जान्नरे हे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथे राहिले. कचेऱ्या, न्यायालये व विद्यापीठ यांसाठी त्यांनी आणि युली चौधरी यांच्यासारख्या त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी साधे, मजबूत फर्निचर योजिले. सागवानाची चौकट, कंपासाच्या पायांसारखे तिरके पाय, वेताची बैठक व पाठ, असे त्याचे रूप. तेथील सुतारांनी व वेत विणणाऱ्यांनी ते हजारोंच्या संख्येने घडवले. पुढे हे सामान जुने झाले, मोडले, गच्चीवर टाकले गेले आणि सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने विकले गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत एकेका खुर्चीला लाखो रुपये येऊ लागले. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. पण तोवर पुष्कळ माल निघून गेला होता. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा केंद्रीय कायदाही येथे उपयोगी पडला नाही, कारण अशा वस्तूला तो किमान १०० वर्षांचे वय मागतो.

भाव चढताच नकलाही निघाल्या. मूळ खुर्च्यांवर खात्याचे नाव व क्रमांक रंगाने लिहिलेले असत. म्हणून काही लोक ही अक्षरेच पुरावा मानतात. परंतु अक्षरे रंगवणे हे सर्वांत सोपे काम आहे. खरा पुरावा म्हणजे लिलावाची पावती आणि माल कोणाकडून कोणाकडे गेला याची अखंड साखळी. ती नसेल, तर नावाचे पैसे देऊ नयेत. लाकडाचे व कारागिरीचे तेवढे द्यावेत.

परदेशी खुर्च्यांत चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याची १९५६ सालची आरामखुर्ची प्रसिद्ध आहे. लाकडाचे पातळ थर चिकटवून व वाकवून तिची कवचे बनवतात. ती जुनी घेताना उलटी करून पाहावी. कवचे जोडणारे रबराचे तुकडे सरसासारख्या द्रव्याने चिकटवलेले असतात. वर्षांनी रबर कडक होते, सांधा सुटतो आणि कधी लाकडाचा थरही सोबत निघतो. ही दुरुस्ती महाग असते. याच दांपत्याला भारत सरकारने बोलावले होते. १९५८ साली त्यांनी सरकारला दिलेल्या अहवालात सर्वांत अधिक कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनामिक हातांनी तो सुधारत आणला, हे त्यांनी ओळखले. औंढ्याच्या देवळाच्या भिंतींवरील मूर्ती रोज पाहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आता आपल्याकडील लाकडी आरामखुर्ची कशी पारखावी ते पाहू. प्रथम तिच्यात बसावे आणि अंग दोन्ही बाजूंना हलवावे. करकर वाजली तर सांधे सैल आहेत. सैल सांधा पुन्हा बसवता येतो. मात्र सांध्याजवळ लाकूडच चिरले असेल तर मागे फिरावे. नंतर खालची बाजू पाहावी, कारण पॉलिश वरून होते, खालून क्वचित. बारीक छिद्रे व ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजावे. पायांची टोके ओलीने कुजली आहेत काय, तेही पाहावे. झीज कोठे आहे हे नीट बघावे: ती हाताच्या टोकाशी, पाठीच्या वरच्या पट्टीवर, पायांच्या तळाशी असावयास हवी. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती घासकागदाची होय. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आला. त्याहून जुन्या म्हणवणाऱ्या खुर्चीत तो आढळला तर निदान दुरुस्ती झालेली आहे. वेत तुटलेला असेल तर घाबरू नये. वेत बदलण्याचीच वस्तू आहे. त्या खर्चाइतका भाव मात्र खाली आणावा.

मुंबईत असा माल चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात पाहावयास मिळतो. तेथे जुने आणि जुने केलेले शेजारी शेजारी मांडलेले असते. दिवसाउजेडी जावे, दोन-चार दुकाने हिंडावीत, पावतीवर वस्तूचे वर्णन लिहून घ्यावे. जो दुकानदार तोंडी नाव सांगतो पण कागदावर लिहीत नाही, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

कामगारांत संघटनेचे काम करताना आम्ही एक गोष्ट नेहमी पाहत आलो. मालाच्या किंमतीत सर्वांत शेवटी मोजला जातो तो हाताचा वाटा. चंडीगढच्या खुर्चीला आज जो पैसा येतो त्यातील एक पैही तिच्या सुताराच्या घरी जात नाही. गेलेली वेळ परत आणता येत नाही. पण जुनी खुर्ची घेणाऱ्याच्या हाती एक गोष्ट उरते. नावासाठी हजारो मोजणारा गृहस्थ वेत विणणाऱ्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, हे शोभत नाही. ती खुर्ची आणखी पन्नास वर्षे टिकणार आहे ती त्याच्याच बोटांमुळे. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची खुर्ची पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी गावातल्या सुताराला हाक मारावी. ती काय आहे, हे तो खाली वाकून पाहून सांगेल.