गायरानातील विषारी तणांचा बंदोबस्त

गावातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या गाई-शेळ्या मुख्यतः गायरानावर जगतात. आज अनेक गायरानांत गवत कमी आणि अखाद्य तणे अधिक, अशी स्थिती आहे. अतिचराई हे याचे प्रमुख कारण होय. जनावरे चांगले गवत मुळापर्यंत खातात व विषारी झुडपे टाळतात. साहजिकच मोकळी झालेली जागा तीच झुडपे व्यापतात. मात्र टंचाईच्या दिवसांत भुकेले जनावर एरवी टाळलेला पालाही खाते आणि विषबाधा होते.

यांत घाणेरी अथवा टणटणी सर्वांत घातक. तिच्या पानांतील विषाने यकृत बिघडते, जनावर रवंथ थांबवते, डोळे पिवळे होतात. पुढे त्वचेला ऊन सोसत नाही. अंगावरील पांढऱ्या भागांची कातडी लाल होऊन फाटते. कोठीपोटाची हालचाल मंदावल्याने विष तेथेच साचून अंगात भिनत राहते. म्हणून अशा जनावराला तत्काळ सावलीत बांधावे, चराई बंद करावी आणि विनाविलंब पशुवैद्यकास दाखवावे. ओढ्याकाठच्या बेशरमाची पाने सतत खाल्ल्यास शेळ्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन त्यांचा तोल जातो.

गाजर गवताची नोंद पुणे येथे 1955 च्या सुमारास झाली. त्याच्या स्पर्शाने माणसांना त्वचारोग व परागकणांमुळे दम्याचा त्रास होतो; जनावरांच्या खाण्यात आल्यास दुधाला कडवटपणा येतो. एकेक झाड हजारो बिया टाकत असल्याने फुलोऱ्यापूर्वीच, जमीन ओली असताना, ते मुळासकट उपटणे हाच खरा उपाय. हातमोजे घालणे व नाक-तोंड झाकणे आवश्यक आहे. फुले न आलेल्या झाडांचे कंपोस्ट खत करता येते. त्याची पाने खाणारे भुंगेरे 1983 मध्ये मेक्सिकोतून भारतात आणण्यात आले. पावसाळ्यात त्यांचे साहाय्य होते, तथापि केवळ त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

घाणेरी नुसती छाटल्यास वा जाळल्यास पुन्हा जोमाने फुटते. तिचे खोड जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खालून तोडून उलटे ठेवावे. पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात. यास्तव फळे धरण्यापूर्वीच हे काम उरकावे.

तण काढून जमीन उघडी ठेवली, तर श्रम व्यर्थ जातात. मोकळ्या जागी लगेच मारवेल, पवना यांसारखी गवते व स्टायलो पेरावे. गायरानाचे भाग पाडून पेरलेल्या भागात निदान एक पावसाळा चराईबंदी पाळावी व तेथील गवत कापून न्यावे. उरलेल्या भागांत आळीपाळीने चराई ठेवावी. कोणता भाग केव्हा बंद राहील, हे ग्रामसभेत ठरविताना ज्यांची गुरे केवळ गायरानावरच जगतात, त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे. कापलेल्या चाऱ्यातही त्यांना वाटा द्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही तणे ओळखण्यास शिकविल्यास गुराख्यांच्या घरोघरी ही माहिती पोहोचेल. निर्धोक गायरान हीच गरिबाच्या दावणीची खरी राखण आहे.