रानातले गायक – ६ : रूप एक, गाणी पाच

मागच्या लेखात आखूड मिशांचे नाकतोडे पाहिले. आता पाळी लांब मिशावाल्यांची, म्हणजे कॅटिडिडांची. पावसाळ्यात दिव्यापाशी येऊन बसणारा पानाच्या आकाराचा हिरवा किडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यालाही सर्रास नाकतोडाच म्हणतात.

मिशा अंगाहून लांब आणि केसाइतक्या बारीक दिसल्या की नाकतोडा बाद. पण रातकिड्याच्या मिशाही लांबच. तिथे भिंगातून पाऊल पाहावे : कॅटिडिडच्या पावलात चार पेरे, रातकिड्याच्या तीन. मादी हाती लागली तर काम आणखी सोपे. कॅटिडिड मादीची अंडी घालायची नळी पात्यासारखी चपटी असते, रातकिडीची बहुधा बारीक आणि गोल. कान दोघांचेही पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली! रंगावर मात्र विसंबू नये. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही सापडतात.

इथवर शरीर साथ देते. पुढे ते दगा देते, आणि त्याचे नामी उदाहरण आपल्याच देशातले आहे. मेकोपोडा हा लांब तंगड्यांचा, पानासारखा दिसणारा कॅटिडिड. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी दक्षिण भारतातल्या मेकोपोडांची गाणी ध्वनिमुद्रित केली. २००६ साली त्यांनी मांडले ते असे : बाहेरून वेगळे ओळखता न येणाऱ्या या किड्यांची गाणी पाच तऱ्हांची आहेत. त्यांतल्या एकीला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात, एकीला ‘ट्रेन’. लॅटिन नावांपेक्षा ही कितीतरी बोलकी, असे माझे मत.

फरक पट्टीत नाही, लयीत आहे. नर डाव्या पंखाखालची दातेरी शीर उजव्या पंखाच्या कडेवर घासतो. किती घासण्या सलग, मध्ये थांबा किती, यावर गाणे ठरते. म्हणून नोंद करताना तापमान लिहायलाच हवे. उकाडा वाढला की तोच नर जलद गातो, आणि थंड रात्रीच्या नोंदीशी ताडून पाहणारा फसतो. शिवाय पुष्कळ कॅटिडिडांच्या आवाजाचा मोठा भाग २० किलोहर्ट्झच्या वर, माणसाच्या कानापलीकडे असतो. तिथे वटवाघळांसाठीचे श्रवणयंत्र उपयोगी पडते.

पश्चिम घाटातला ओनोमार्कस याला अपवाद. त्याची शीळ जेमतेम ३ किलोहर्ट्झची, सहज ऐकू येणारी. त्याची मादी उत्तर देते ते गाऊन नव्हे, अंग थरथरवून. ती थरथर फांदीतून नरापर्यंत पोचते.

मेकोपोडाची मादीही गात नाही. नुसती तीच सापडली, तर वहीत ‘मेकोपोडा, मादी’ लिहून ठिकाण, वेळ आणि आसपास ऐकू आलेले गाणे टिपावे. त्या गाण्यावरून तिची जात मात्र ठरवू नये, कारण एकाच रानात दोन तऱ्हांचे नर गात असू शकतात.