शेठ कस्तुरभाई आणि शेकडा साडेतीनची जकात

व्यापाऱ्याने कायदेमंडळात जाऊन काय करावे, हा प्रश्न आमच्या बाजारात वारंवार निघतो. अहमदाबादचे जैन श्रेष्ठी कस्तुरभाई लालभाई यांची हकीकत म्हणूनच सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

कस्तुरभाईंचा जन्म १८९४ चा. १९१२ साली वडील लालभाई दलपतभाई निवर्तले, आणि शिक्षण सोडून सतराव्या वर्षी ते रायपूर मिलच्या कारभारात शिरले. १९२३ साली अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यांना मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून धाडले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

तेथे त्यांनी जो विषय लावून धरला, तो गिरणी-कापडावरील उत्पादन-जकातीचा. तिजोरीस पैसा हवा म्हणून सरकारने १८९४ साली परदेशी कापडावर जकात बसविली. त्यावर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. त्यांच्या समाधानासाठी १८९६ पासून आयात कापडावर शेकडा साडेतीन, आणि बरोबरी म्हणून येथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही शेकडा साडेतीन, असा न्याय झाला! नफा होवो वा तोटा, कापड विणले की जकात द्यावीच लागे. आम्हा धान्यवाल्यांच्या पोत्यांवरही नाक्यावर जकात पडत असे. परंतु परक्या प्रतिस्पर्ध्याचे मन राखण्यासाठी ती कधी बसविलेली नव्हती. आकड्यापेक्षा हा हेतूच लोकांना अधिक झोंबला. १९१७ साली आयात जकात साडेसातवर गेली, तरी येथली साडेतीन हटली नाही.

महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर हे ओझे असह्य झाले. कायदेमंडळात स्वराज्य पक्षाच्या सभासदांचे कस्तुरभाईंना पाठबळ मिळाले. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर करताच मोठा संप झाला. डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी जकात तहकूब केली, कपात मागे घेतली गेली, आणि १९२६ साली जकात कायमची उठली. सारे श्रेय एकट्या कस्तुरभाईंस देणे आम्हांस उचित वाटत नाही. मागणी जुनी होती, आणि उपाशी राहून मजुरांनीही तिची किंमत मोजली. तथापि गिरणीचा जमाखर्च स्वतः जाणणारा मनुष्य सभागृहात होता, हे लहानसहान नव्हे.

१९२६ साली मुदत संपली आणि ते आपल्या धंद्याकडे वळले. १९३१ साली त्यांनी अरविंद मिल काढली. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा तर त्यांनी सुमारे पन्नास वर्षे वाहिली. राणकपूरच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्याच देखरेखीखाली झाला.