तेल, नकाशे आणि इंजिन : भारत–अमेरिका संरक्षण भागीदारी

एक फरक आधी लक्षात घ्या. अमेरिका जपानची मित्र आहे तशी आपली नाही. एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लढायला यायचं, असा कुठलाही करार आपला तिच्याशी नाही. मग ही भागीदारी म्हणजे नेमकं काय?

२९ ऑगस्ट २०१६ला आपले मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना वॉशिंग्टनमध्ये ‘लेमोआ’वर सह्या झाल्या. आता अमेरिकेचे तळ येणार, अशी तेव्हा ओरड झाली. तळबिळ काही नाही! करार हिशोबाचा आहे. एकमेकांच्या जहाजांना, विमानांना तेल, पाणी, सुटे भाग दिले तर पैसे कसे चुकते करायचे, एवढंच. आणि दर वेळी हो म्हणायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या हातात. सप्टेंबर २०२०मध्ये आयएनएस तलवारने अरबी समुद्रात अमेरिकन टँकरकडून तेल घेतलं, ते याच कराराखाली. लडाखमध्ये तेव्हा काय चाललं होतं, ते तुम्हाला आठवत असेलच. २०१८मध्ये सुरक्षित संदेशयंत्रणेचा ‘कॉमकासा’ आणि २०२०मध्ये नकाशे, उपग्रहांची माहिती यांचा ‘बेका’ झाला.

खरी परीक्षा मात्र इंजिनाची आहे. १९९८मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले, आणि तेजसच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीवर तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावं लागलं. त्यांनी ती प्रणाली इथे पूर्ण केली. ४ जानेवारी २००१ला तेजस उडालं. पण इंजिन कुठलं? अमेरिकेचंच, एफ-४०४.

पुढे ऑगस्ट २०२१मध्ये तेजस मार्क-१एसाठी त्याच जातीची ९९ इंजिनं मागवली. पहिलं हाती आलं मार्च २०२५मध्ये, साधारण दोन वर्षं उशिरा. या वेळी निर्बंध नव्हते. बंद पडलेली उत्पादनसाखळी पुन्हा उभी करायला कंपनीला वेळ लागला. पण हवाई दलाच्या दृष्टीने काय, विमान तयार आणि इंजिन नाही!

२०२५चंच बघा. ऑगस्टमध्ये आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क, त्यातलं निम्मं रशियन तेलापायी. आणि ऑक्टोबरअखेर क्वालालंपूरला दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर सह्या! एका टेबलावर भांडण, दुसऱ्यावर काम.

जून २०२३मध्ये एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याचा सामंजस्य करार झाला. त्याच्या बातम्या वाचताना ‘भारतात बनणार’ या मथळ्यावर थांबू नका. इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागांचं तंत्रज्ञान मिळतंय का, ते शोधा.