तिसाव्या मैलाचा दगड



इंग्रजीतील 'माइलस्टोन' हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा मूळ अर्थ मैलाचा दगड. पुढे लक्षणेने आयुष्यातील महत्त्वाचा टप्पा. चंद्रपुराहून मूल, सावली करीत गडचिरोलीस जाताना असे दगड लागतात. त्यांवर आता किलोमीटर लिहिलेले असतात, तरी आपण त्यांना मैलाचेच दगड म्हणतो. दगड कोठे पुरावयाचा हे वाटसरू ठरवीत नाही, रस्ता बांधणारा ठरवितो. स्त्रीच्या आयुष्यातील टप्प्यांचेही पुष्कळ अंशी असेच आहे. त्यासंबंधाने, इंग्रजी शब्दांच्या निमित्ताने, आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. निवृत्त झाल्यावर सायंकाळी काही भगिनींना घरीच इंग्रजी शिकवू लागलो. एके दिवशी 'तिसाव्या वर्षापर्यंतचे टप्पे' असा पाठ घेतला व फळ्यावर नेहमीचे शब्द लिहिले : ग्रॅज्युएट, करिअर, एंगेज्ड, मॅरिड, मदर. 'करिअर' या शब्दाच्या मुळाशी गाडीचा रस्ता आहे, तेव्हा दगडाशी त्याचे नाते जुळते, हेही सांगितले. 'मिस' आणि 'मिसेस' हे दोन्ही शब्द 'मिस्ट्रेस' या एकाच शब्दातून निघाले. 'स्पिन्स्टर' म्हणजे मूळची सूत कातणारी. पुढे त्याचा अर्थ अविवाहिता असा झाला. इंग्लंडातील विवाहनोंदणीतून तो शब्द २००५ साली वगळण्यात आला. हे सर्व ऐकून वर्गाची चांगली करमणूक झाली.

नंतर प्रत्येकीस स्वतःविषयी चार वाक्ये लिहावयास सांगितली. तिशी नुकतीच उलटलेल्या एका बाईंनी पहिलेच वाक्य लिहिले, 'आय ड्रॉप्ड आउट ऑफ स्कूल.' मी ते बरोबर म्हणून खूण केली. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, व्याकरण बरोबर असेल, पण वाक्य खोटे आहे. मी शाळा सोडली नाही. सातवीनंतर माझे नाव काढले. पुढची शाळा दूर, वाटेत जंगल, आणि घरी धाकटी भावंडे."

मी वाक्य पुसले व लिहिले, 'आय वॉज टेकन आउट ऑफ स्कूल.' कर्मणी प्रयोग मी जन्मभर मार्कांसाठी शिकविला. त्याचा उपयोग त्या दिवशी मला कळला.

वस्तुतः आपली मराठी या बाबतीत फार प्रामाणिक आहे. 'तिचे लग्न करून दिले', 'तिचे लग्न झाले' आणि 'तिने लग्न केले' ही तीन वाक्ये एक नव्हेत. इंग्रजीतही 'शी वॉज मॅरिड ऑफ', 'शी गॉट मॅरिड' आणि 'शी मॅरिड' असे भेद आहेत. नुसत्या 'मॅरिड' या शब्दाने दगड दिसतो. त्यापर्यंत ती चालत गेली की तिला नेले, हे दिसत नाही. ते क्रियापदावरून कळते.

याचे उत्तम उदाहरण डॉक्टर रखमाबाई. त्यांचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न करून देण्यात आले. येथे क्रियापद परक्याचे. १८८४ साली पतीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने झाला, परंतु अपिलानंतर १८८७ साली हुकूम निघाला की, पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. 'शी रिफ्यूज्ड.' विद्यार्थी येथे 'डिनाय' लिहितात. तो शब्द आरोप नाकारण्याचा, 'रिफ्यूज' हा करण्यास नकार देण्याचा. १८८८ मध्ये तडजोड झाली, १८८९ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या आणि १८९४ साली, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाल्या. 'शी क्वालिफाइड.' येथे क्रियापद सर्वस्वी त्यांचे.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन स्थापिले, तेव्हा त्यांना तीस वर्षे पूर्ण होऊन गेली होती. इंग्रजीत 'शी फाउंडेड'. 'फाइंड'चा भूतकाळ 'फाउंड'. पण 'फाउंड' म्हणजे स्थापणे या क्रियापदाचा भूतकाळ 'फाउंडेड'. सापडणे व उभारणे यांत अंतर आहे, ते विसरू नये.

आता आपल्याच मुलखाकडे येऊ. 'थर्टी' म्हणजे तीस, आणि 'इन हर थर्टीज' म्हणजे तीस ते एकोणचाळीस. आपली 'तिशी' दोन्हींस चालते. डॉक्टर राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कार्यास आल्या, त्या अशाच तिशीत. तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि बहुतेकींची तशी तपासणी पूर्वी कधी झालीच नव्हती. इंग्रजीत 'कम्प्लेंट' म्हणजे तक्रारही आणि आजारही. येथे आजार होता. तक्रार करावयास जागा नव्हती. कोणी तरी विचारल्यावाचून असे दगड दिसतच नाहीत.

कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १९२९ मध्ये चौदा ठरविले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. दगड पुढे सरकला, हे चांगलेच झाले. परंतु चालणारीचे पाऊल तिचे स्वतःचे असावे, हे काम घरातच व्हावयास पाहिजे.

त्या बाईंनी पुढे दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज भरला. त्या दिवशी वहीत त्यांनी माझ्या मदतीवाचून एक वाक्य लिहिले, 'आय वेंट बॅक टू स्कूल.' आपल्या घरी तिशीतील मुलगी, सून, बहीण असेल. तिला तिच्या टप्प्यांविषयी एकदा सवडीने विचारा, आणि ती सांगत असता क्रियापदाकडे लक्ष ठेवा.