संगणकाची स्मृती अपुरी पडते तेव्हा

संगणकावर एकाच वेळी अनेक कामे उघडली, की कधी कधी यंत्र एकाएकी मंदावते. यंत्रात बिघाड झाला, असा समज होतो. वस्तुतः त्या वेळी कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीतील जागा मोकळी करण्यात गुंतलेला असतो.

ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली कार्यान्वित झालेल्या अ‍ॅटलस संगणकाच्या मुख्य स्मृतीत सुमारे १६ हजार शब्द मावत. तिला फिरत्या चुंबकीय ड्रमची जोड देऊन ५१२ शब्दांची पृष्ठे गरजेनुसार आत-बाहेर केली जात.

१९९१ साली सुरू झालेल्या लिनक्स कर्नलमध्ये पृष्ठ सामान्यतः ४,०९६ बाइटचे असते. मोकळी पृष्ठे ठरावीक पातळीखाली गेली, की 'केस्वॅपडी' हा सेवक जागा होतो आणि वरची पातळी गाठेपर्यंत राबतो. त्याचेही भागले नाही, तर स्मृती मागणाऱ्या कार्यक्रमालाच थांबून हे काम करावे लागते. आपल्याला जाणवतो तो खोळंबा हाच.

मग कोणते पृष्ठ काढावे? पुढे काय लागेल, हे कर्नलला ठाऊक नसते. अलीकडे काय वापरले गेले, एवढेच तो पाहतो. एखादी प्रचंड फाइल एकदाच वाचली, तर तिने नित्य लागणारी पृष्ठे हुसकावू नयेत म्हणून फाइलचे नवे पृष्ठ प्रथम 'निष्क्रिय' यादीत ठेवतात. पुन्हा वापर झाला, तरच त्याला 'सक्रिय' यादीत बढती मिळते. फाइलमधून आलेले, न बदललेले पृष्ठ निर्धास्तपणे टाकता येते, कारण मूळ प्रत तबकडीवर असतेच. कार्यक्रमाने स्वतः निर्माण केलेल्या माहितीला मात्र अशी प्रत नसते. तिच्यासाठी स्वॅपची जागा लागते.

म्हणूनच स्वॅप बंद केल्याने यंत्र हमखास वेगवान होते, हा समज योग्य नव्हे. तसे केल्यास महिनोन्‌महिने न वापरलेली माहितीही स्मृतीत अडून बसते आणि तिच्याऐवजी चालू कार्यक्रमांच्या सूचनांचीच पृष्ठे काढली जातात. ती क्षणात पुन्हा लागतात, पुन्हा वाचली जातात. वाढत्या ओढाताणीत प्रत्यक्ष काम ठप्प होते. स्वॅप असूनही मागणी स्मृतीच्या फार पलीकडे गेली, तर हीच गत होते. अखेर काहीच मोकळे होईना, तर कर्नल बहुधा सर्वाधिक स्मृती व्यापणारा कार्यक्रम बंद पाडतो, आणि त्यातील न जतन केलेले काम कायमचे जाते.