दाताची खुर्ची, विम्याची खाट

"पाच लाखांची पॉलिसी आहे, त्यातून दाढा बसवून घेऊ," असं आत्या म्हणाली तेव्हा मलाही ते रास्तच वाटलं होतं. इम्प्लांट झालं, बिल पाठवलं आणि दावा फेटाळून परत आला. दोन महिन्यांचं पेन्शन गेलं. तेव्हापासून दातांच्या विम्याबद्दल कुणी काही खात्रीने सांगू लागलं, की मी आधी पॉलिसीचा कागद मागते.

पहिला गैरसमज आत्याचाच. विम्याची रक्कम मोठी, म्हणजे दातही त्यात आले. आपल्याकडची नेहमीची आरोग्य पॉलिसी रुग्णालयातल्या खाटेसाठी आहे. खर्च मिळतो तो मुख्यतः दाखल झाल्यावर. इम्प्लांट मात्र दवाखान्याच्या खुर्चीत, फक्त हिरडी बधिर करून होतं. ओपीडी कव्हर वेगळं घेतलं असेल तर थोडाफार आधार मिळू शकतो, पण त्यालाही मर्यादा असते आणि इम्प्लांट वगळलेलं असू शकतं.

"पण अपघातात दात गेला तर?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा. एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे. लोक तेवढंच वाचतात. तो उल्लेख येतो दाखल रुग्णाच्या खर्चात. जबडा मोडून शस्त्रक्रिया झाली तर तिचा दावा करता येतो. पण घरी आल्यानंतरचा खर्च ही पॉलिसी 60 दिवसांपर्यंतच धरते आणि इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट बसायलाच बहुधा तीन ते सहा महिने लागतात. वरची कॅप त्यानंतर बसते. तोवर विम्याची मुदत उलटून गेलेली असते. दुखापत तीच, माणूस तोच, तरी अर्धा उपचार कव्हरच्या बाहेर राहतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कागद असाच आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड मिळतं म्हणून कवळीऐवजी इम्प्लांट फुकट होईल, हीही आशा धरू नये. खुर्चीत होणारे दातांचे नेहमीचे उपचार त्या योजनेत बसत नाहीत.

आता खर्चाचं. फोनवर सांगितलेला आकडा बऱ्याचदा नुसत्या स्क्रूचा असतो. स्क्रूवरचा जोड, कॅप, स्कॅन आणि हाड कमी असेल तर हाड भरणं, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. 'विनाव्याज हप्ता' ऐकून लगेच सही करू नका. कर्ज देणाऱ्याने व्याज आणि शुल्क मिळून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारं मुख्य तथ्य विवरण द्यायलाच हवं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीला चौकशी करा. वेळ जास्त जातो, पण पैसे वाचू शकतात.

"एकदा नाही म्हणाले की संपलं," हेही खरं नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने ती फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर मुंबई-पुण्यातल्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

दुसऱ्या बाजूची दाढ बसवायच्या आधी आत्याने कंपनीला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं: इम्प्लांट वगळलेलं आहे. तिने डॉक्टरांकडून शेजारच्या दातांच्या आधाराने बसणाऱ्या ब्रिजचा खर्च लिहून घेतला आणि तोच करून घेतला.